नववा छर्रा

वेल्देगाबीर म्हातारा सायकलवर बसून येत नाही.
दवाखान्यात कुणाला आणावं तशी
कोपराला धरून आणतो.
"मागचं चाक कण्हतंय," म्हणतो.
मी कान लावते. कण्हत नाही.
दळतंय.

मेदेबरच्या बाजारात सकाळपासून सगळंच वाजत असतं.
पिंपं चिरून शेगड्या ठोकणारे,
टायर कापून चपला करणारे.
त्या गोंगाटातून एका तुंब्यातली खरखर वेगळी काढायला
मला हाब्तेझगी माएस्त्रोनं शिकवलं,
पान्याचं एक टोक आसावर
आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवून.
केस बाजूला कर, म्हणाला होता. एवढंच.

सायकल इटालियन. माझ्या आईपेक्षा मोठी.
रंग कधीकाळी समुद्री हिरवा असावा,
आता फक्त सीटखाली, जिथं ऊन पोचत नाही.
नटाला आधी विनवणी, मग रॉकेल,
मग पान्यावर उभी राहिले.
कोन उलटा फिरला, आस सरकला,
आत वंगण काळं,
बुधल्याच्या तळाशी राहिलेल्या मधासारखं चिवट.

छर्रे बशीत पडले. मोजले.
उजवीकडचे नऊ.
डावीकडचे आठ.

कपात बोट फिरवलं, चिंधी झटकली,
जमिनीवर चुंबक फिरवलं, टाचण्या निघाल्या.
आठ.

आणि झाकणाच्या आत
खिळ्यानं ओरखडलेली एक आडवी रेघ, वर दोन ठिपके.
ही खूण मी झोपेतही ओळखेन.

याच माणसानं माझ्या बोटांवर पाना मारला होता,
मी फक्त विचारलं होतं,
एखादा कमी घातला तर कुणाला कळणार?
"चाकाला."

खुणेखाली साल आहे.
त्या साली मी रांगत होते,
आणि मसावाहून वर काहीच येत नव्हतं,
ना पीठ, ना मीठ, ना पाव इंची छर्रे.
याच्यातला एक काढून
त्यानं दुसऱ्या कुणाच्या चाकात घातला असेल,
पाणी वाहणाऱ्या बाईच्या, सुईणीच्या,
किंवा जो आधी दारात आला त्याच्या.
की हातातून निसटला, गटारात गेला,
आणि झाकण दाबून माएस्त्रो गप्प बसला?
मला हे दुसरं जास्त आवडतं.
का, ते सांगता येत नाही.

कप शाबूत होता. कोनाला मात्र देवीच्या वणांसारखे खड्डे.
सेमेरेनं लेथवर नवा कातून दिला,
जळक्या लष्करी ट्रकच्या बोल्टातून.
पैसे घेतले नाहीत, सिगारेटी घेतल्या.

मग ताजं वंगण, बोटभर,
त्यात एकेक छर्रा, अंड्यासारखा रोवलेला.
नऊ बसल्यावर थोडी फट उरते,
दहावा मावू नये एवढी.
तिला हात लावायचा नाही. फिरणं त्या फटीत असतं.

आवळला की दळतं, सोडला की डुलतं.
मधे कुठंतरी, पाव आंट्याहूनही कमी,
एक जागा आहे.
दर वेळी ती नव्यानं शोधावी लागते, हा या धंद्याचा शाप,
किंवा पगार.

दुपारी समुद्राकडून धुकं चढून आलं.
मी चाक उचलून धरलं आणि सोडून दिलं, ढकललं नाही.
व्हॉल्व्हचं वजन ते किती!
तेवढ्यानं चाक हललं, खाली गेलं, पलीकडे चढलं,
परत आलं, आणखी थोडं, आणखी थोडं,
आणि व्हॉल्व्ह खाली ठेवून थांबलं.

"काय झालं होतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.
तिसरा कप चालू होता, आम्ही ज्याला बरका म्हणतो,
पाणचट, पण तो सोडून उठायचं नसतं.
"वंगण वाळलं होतं," मी म्हणाले.
आठ जुने छर्रे माझ्या एप्रनच्या खिशात होते.
झाकण मी आतून पुसलं नव्हतं.

तो कोपराला धरूनच तिला घेऊन निघाला.
उतार लागला तरी बसला नाही.
दोनदा थांबला, वाकून मागच्या चाकाला कान लावला.
काहीच ऐकू आलं नाही,
तेव्हा बसला.