पस्तीस दिनार

फहाहीलच्या बाजारात, शिंप्याच्या दुकानावर,
मी लोकांचे अर्ज टाइप करते.
अरबी उजवीकडून येते, इंग्रजी डावीकडून,
मधे प्लास्टिकच्या खुर्चीत माणूस असतो,
मांडीवर पासपोर्टची पिशवी.

आज बाळकृष्ण घडशी. रिगर. तालुका गुहागर.
डेपोच्या फाटकाशी ती गाडी फुटली
त्या पहाटेपासून उजवा कान बंद.
डॉक्टरांनी लिहिलंय, अठ्ठेचाळीस टक्के.
"अख्खा गेला की हो, बाई. अठ्ठेचाळीस कसा?"
तो ओरडूनच बोलतो.
मी सांगते, दोन्ही कान मिळून धरतात.
"म्हंजे डावा शाबूत राहिला त्याचा दंड."

रकाना अकरा: झालेले नुकसान, वस्तूंसह.
घड्याळ.
बुटांचा जोड. नाही, थांबा, एकच बूट,
दुसरा सापडला.
स्टीलचा डबा, आत दोन खबूस आणि कालची डाळ.
"डाळ पण लिवा."
डाळ मी लिहीत नाही.

मग बराच वेळ काही नाही. एसीतून पाणी ठिबकतं.
"यासीन माझ्या जाग्यावर उभा होता.
मी मुतायला गेलेलो.
त्याचे पस्तीस दिनार माझ्याकडे राहिले, बाई.
आता मागणारा नाही.
हे नुकसानीत धरायचं का फायद्यात?"

खाली शिंप्याचं मशीन थांबलं.

मयताशी नातं: पत्नी, पुत्र, पिता, बंधू.
देणेकरी हा शब्द अरबीत आहे, मला येतो,
पण यादीत नाही.
अर्ज भरतात, पोट भरतं, जखमही भरते म्हणतात,
सरकार भरपाई देतं.
रकाना अकरा भरून झाला, तरी तो उठत नाही.

"मंजूर झाले की पस्तीस आधी कापा
आणि दाभोळला पाठवा, असं टाका."
सरकारला असं लिहिता येत नाही, मी म्हणते.
"मग कुणाला लिवायचं?"

मराठीचा कीबोर्ड माझ्याकडे नाही.
जुन्या पावतीच्या पाठीवर पेनानं सुरुवात करते:
सौ. जमिला यासीन सारंग
हात थांबतो. सौ. खोडते.
वर बारीक अक्षरात श्रीमती.

"वाचा," तो डावा कान पुढे करतो.
खोडलेलं सोडून
मी मोठ्यानं वाचते, अगदी मोठ्यानं.
मशीन अजून सुरू झालेलं नाही.