स्वतः वाढून घ्या

दिवाळीत कोर्टाला सुट्टी, गिऱ्हाईक कमी,
तेवढ्यात शिवलकरांनी खानावळीची मधली भिंत पाडली.
गुणाजी जिथे वाढप्याची बादली घेऊन उभा असायचा
तिथे आले सात स्टीलचे डबे, खाली निळी वात,
वर पाटी: स्वतः वाढून घ्या.
त्याखाली बारीक अक्षरात: टाकल्यास वीस रुपये दंड.

पहिले चार दिवस रत्नागिरीला ते जमलंच नाही.
माणसं ताट धरून उभी राहायची,
कुणीतरी म्हणेल, 'घ्या हो, एवढ्यानं काय होतंय.'
कुणी म्हणत नव्हतं.
स्वतःला आग्रह कसा करायचा
हे आम्हाला घरी शिकवलेलं नाही.
पोस्टातल्या पिलणकरबाई एक मूद घेऊन वळायच्या,
पुन्हा डब्याकडे बघायच्या,
घरी जाऊन परत जेवत असणार.
औषध कंपनीचा पोरगा मात्र
सुरमईच्या तीन तुकड्या खाली, वर भात,
जसा नको तो कागद फायलीच्या तळाशी जातो.
मिरकरवाड्याचे दोन नेपाळी खलाशी
नुसता डाळभात घेत, डोंगराएवढा.
मासळी ते दिवसभर बघतात.

गुणाजीला आता फडकं दिलंय.
डब्यांच्या कडा पुसतो.
कुणी कालवण खालून न ढवळता वरचंवर घेतलं
की त्याचा उजवा हात जरासा हलतो
आणि परत फडक्यात जातो.

मी नकला विभागात. दोन ते अडीच माझी सुट्टी.
रांगेतली निम्मी माणसं
मला दाव्याच्या नंबरावरून ओळखू येतात.

त्या बुधवारी घाग होते. दोघेही.
बांधावरची चार कलमं, अकरा वर्षं.
दोन वकील वारले, तिसऱ्याला आता ऐकू येत नाही.
एक कलम वणव्यात गेलं,
कागदावर अजून चारच आहेत.
गर्दीनं त्यांना पुढेमागे उभं केलं.
थोरल्याच्या काखेत कागदांची प्लास्टिकची पिशवी,
धाकट्याचीही पिशवी त्याच दुकानाची.
त्यांच्या मागे मी, घड्याळ बघत.

चौथ्या डब्याशी थोरला थांबला.
झाकण उचललं, वास घेतला.
मग मान न वळवता,
झाकणालाच सांगावं तसं म्हणाला,
"ह्यात तिसऱ्या हायत."

डावाकडे निघालेला धाकट्याचा हात
होता तिथेच राहिला.
मागून कुणीतरी ओरडलं, 'चला हो पुढे.'
त्यानं काळ्या वाटाण्याची उसळ घेतली.

तिसऱ्या खाल्ल्या की ह्याची जीभ सुजते, घसा धरतो,
हे कुठल्याच कैफियतीत नाही.
कुणाकडे काय राहिलं, त्या यादीत
पाटा आहे, दोन तपेली आहेत,
देव्हाऱ्यातली घंटासुद्धा आहे.
मीच उतरवून काढलीय ती यादी, तीनदा.

जेवायला बसले वेगवेगळ्या टेबलांवर.
थोरल्यानं सोलकढी दोनदा मागितली,
मग पाटी आठवून स्वतःच उठला.
पावणेतीनला पुकारा झाला.
पुढची तारीख मार्चातली.

मी गुणाजीकडे बघितलं होतं तेव्हा.
त्यानंही ऐकलं होतं.

सोमवारी सातही डब्यांवर चिठ्ठ्या.
वहीचं पान, चिकटपट्टी, गुणाजीचं गोल अक्षर.
चौथ्यावर: तिसऱ्या. चालत नसतील त्यांनी जपून.
शिवलकर खूश. गिऱ्हाईकं म्हणाली, सोय झाली.
खरंच झाली.
आता कुणी कुणाला काही सांगायला लागत नाही.

वाफेनं चिठ्ठ्या दर दोनतीन दिवसांनी सुटतात.
गुणाजी लगेच नवी लावतो.
मार्चात त्या एका दिवशी
चौथ्या डब्याची तेवढी राहू दे, असं त्याला म्हणावं,
रोज ठरवतो.
रोज ताट पुढे करतो
आणि भलतंच काहीतरी विचारतो,
आज कढी पातळ का झाली, वगैरे.