जास्तीचं पाणी

आमच्या घरात हल्ली फार पाणी असतं.
पिंप भरलेलं, पातेली भरलेली,
पिवळे कॅन ओळीने दाराशी,
लोर्पूच्या दुधाच्या रिकाम्या डब्यातसुद्धा पाणी.
शेजारीण म्हणते, गार्मे, तुझा नवरा सुधारला गं,
मोन्रोव्हियात कुठला पुरुष पंपावर रांग लावतो?
मी हसते. तिला काय सांगू,
एक कॅन म्हणजे
एक न बसलेली थप्पड.

चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत, मंगळवारी आणि शुक्रवारी
झावोलो मास्तर शिकवतो.
मास्तर कसला, गालावर वस्तऱ्याचा व्रण,
चौदाव्या वर्षी बंदूक होती त्याच्या हातात
आणि तो ते लपवत नाही.
त्याने म्हणे पाटीवर दोन ठिपके काढले:
ही ठिणगी. हा हात.
मधे किती जागा आहे?
सगळे म्हणाले, नाहीच.
केर्कुला सर्वांत मोठ्याने म्हणाला, नाहीच.
मग आठवडाभराचा अभ्यास:
राग अंगात आधी कुठे येतो, बघून या.
कुणाच्या कानात येतो, कुणाच्या दातांत.
माझ्या नवऱ्याच्या उजव्या अंगठ्यात येतो.
सात वर्षं मी त्याचा चेहरा वाचत होते.
अंगठा वाचायला हवा होता.

अंगठा ठणकला की कॅन उचलायचा.
विचार नाही, वाद नाही,
पंप दोनशे पावलांवर,
रांग असली तर उत्तमच.
पहिल्या आठवड्यात तो तीनदा गेला.
चौथ्यांदा गेला नाही.

चौथ्यांदाचं मी इथे सांगत नाही.
वर्गात त्याने स्वतः सांगितलं, सगळ्यांसमोर.
कुणी पाठ थोपटली नाही, कुणी हाकललंही नाही.
मास्तरने विचारलं, कॅन कुठे होता?
पलंगाखाली.
दाराशी ठेव.
एवढंच.
मला त्या एवढंचचा राग आला, अजून आहे.
पण कॅन तेव्हापासून दाराशी आहे.

दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ
म्हणणारे म्हणोत.
मी सकाळी उठून कॅन मोजते.

रात्रीचा अभ्यास नंतर आला.
विचारायचं. उत्तर येईपर्यंत थांबायचं.
गप्प राहणं म्हणजे हो नव्हे,
हे पाटीवर लिहिलं तेव्हा अर्धे पुरुष हसले म्हणे.
त्याने विचारलं तेव्हा मलाही हसू आलं,
लग्नाला सात वर्षं, आणि हा पाहुण्यासारखा उंबऱ्यात.
मन होतं माझं, खरं सांगते.
तरी मी नाही म्हणाले.
फक्त बघायला,
या घरात त्या शब्दाचं वजन किती.

तो उठला. कॅन उचलला.
रात्री पंपाला कुलूप असतं,
आम्हा दोघांनाही माहीत.
बराच वेळ गेला. कुत्री भुंकली, लांबून समुद्र.
रिकामा कॅन घेऊन परत आला
आणि लेक जागी होऊ नये म्हणून
हळूच दाराशी टेकवला.
त्या रात्री मी त्याच्याकडे पाठ करून निजले.
एरवी भिंतीला पाठ लावून निजते.

यावरून कुणी काही ठरवू नये.
कंदील काढायला तो हात वर करतो
आणि माझा खांदा अजून कानाशी जातो.
खांद्यांचा वर्ग कुठे भरतो
कुणी सांगत नाही.
बहिणीच्या घरी माझं गाठोडं आहे,
दोन लुगडी, लोर्पूचा जन्मदाखला, थोडे डॉलर.
ते तिथेच राहील.

परवा शेजारच्या पोराला ढकलण्याआधी
लोर्पू थांबली,
स्वतःचा अंगठा डोळ्यांसमोर धरून नीट पाहिला.
मग ढकललंच.
मी काही बोलले नाही.
दुधाचा तो डबा शोधला, घासला,
तिच्या हाताला येईल असा
दाराशी ठेवला.