घर ओढून नेताना

चिलोए बेटावर घर बदलायचं तर
सामान हलवत नाहीत, घरच हलवतात.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या चौदा जोड्या,
आणि अख्खं गाव, जेवणाच्या बोलीवर.

मी शाळेत गती शिकवते.
फळ्यावरचा ठिपका कुठेच जाईना,
म्हणून वर्ग घेऊन किनाऱ्यावर आले.
टेप, घड्याळ, वह्या.

पहिला हिसका. काही नाही.
दुसरा. दोर तट्ट, गाठी करकरल्या, घर ढिम्म.
"लिहा," म्हटलं, "बसलेल्याला उठवायलाच
सगळ्यात जास्त बळ लागतं."
रुदेसिंदो बैलांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.
ते कुणी लिहिलं नाही.
आणि घर निघालं.

पहिल्या मिनिटाला नऊ मीटर, मग चौदा,
मग चिखल, तीन.
"बाई, मंद होणं हेही त्वरणच?"
हो लिसेत, उलट्या दिशेचं.

तिची आजी, दोन्या आउरिस्तेला, आतच.
उतरा म्हटलं तर उतरेना.
दाराच्या चौकटीला टेकून ओरडली,
"मी कुठे हलतेय? चूल तिथंच आहे,
टेबल चुलीपासून दोन हातांवर.
तुमची शाळाच मागे चाललीय!"
संदर्भचौकट, संदर्भचौकट म्हणून
मी आठवडाभर घसा कोरडा केला होता.

भरती आली.
दोन होड्यांमागे घर खाडीत शिरलं,
पडद्यांसकट, कोंबडीच्या रिकाम्या खुराड्यासकट.
प्रवाहानं त्याला बरंच खाली नेलं, पुन्हा वर आणावं लागलं.
अंतर, चार हजार दोनशे मीटर.
विस्थापन, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक सरळ बाण,
एकोणीसशे, ईशान्येला.
बाणाला खाडीचं काहीच सांगता येत नाही.

रात्री शिंपले खाऊन वह्या तपासल्या.
सगळ्यांचे आकडे बरोबर, एकमेकांचे बघून.
लिसेतनं खाली पेन्सिलीनं जोडलं होतं,
"किनाऱ्याला लावताना घर फिरलं.
सकाळचं ऊन आता आजीच्या उशीवर येत नाही,
भांड्यांवर पडतं.
ती पहाटे उठून चुकीच्या भिंतीकडे बघते.
बाई, हे अंतरात लिहू की विस्थापनात?"

लाल पेन हातात धरून बसले.
पुढच्या धड्यात येईल, असं लिहिलं,
आणि मग ते खोडलं.