माडाखालची खुर्ची

शाणू गावडे पत्राचा मसुदा घेऊन आला
तेव्हा मी अंगणात सुकत घातलेले बांगडे राखत होतो,
हातात काठी, एक डोळा कावळ्यांवर.
"तीनशे प्रती काढायच्या आहेत," म्हणाला.
"चौतीस वर्षं लोकांना पत्रं वाटलीत तुम्ही,
एकदा नजर घाला."

घातली.
आमचे यंत्र थेट कोइमतूरहून मागवलेले.
आमच्याकडे प्रशिक्षणाचा रीतसर दाखला.
आम्ही दिवसाला चाळीस माड चढतो.
आम्हांस कळवण्यास आनंद होतो की आम्ही...
पेन्सिलीनं 'आम्ही' मोजत गेलो. एकोणीस.
मग 'आपण' शोधलं.
सापडलं एकदाच, तळाला, 'आपला नम्र'च्या आडोशाला,
आणि तेही निघालं शाणूच.

त्याला सांगितलं, बाबा,
माशेलच्या पोस्टातून निघून बेतकी, खांडोळा, तिवरे,
सायकलीच्या तीन चेनी झिजवल्या मी.
पत्र कुणी बसून वाचत नाही.
उभ्यानं वाचतात.
मासळीचा हात पदराला न लागेल असा लांब धरून,
पाकीट दातांनी फाडून.
पहिल्या ओळीत आपण नाही असं दिसलं
की मी पुढच्या फाटकाशी पोचायच्या आत
कागद दुसऱ्या कामाला लागलेला असतो.
इनासीनबाय विम्याच्या पत्रांचे कोन वळायची,
नातवाला चणे द्यायला. जाड कागद, म्हणायची, बरा असतो.

एकदाच तिला एक पत्र दोनदा वाचताना पाहिलं.
बाणस्तारीच्या चष्मेवाल्याचं होतं.
त्यानं सुरुवातीलाच विचारलं होतं,
'सुईत दोरा ओवायला
हल्ली कुणाला हाक मारता?'

शाणू गप्प.
कावळ्यानं तेवढ्यात एक बांगडा नेला.

म्हटलं, हे तू माडावर बसून लिहिलंस.
वरून तुला तुझं यंत्र दिसतं, दोरी दिसते,
मांडवीपर्यंतचा मुलूख दिसतो.
वाचणारी खाली उभी आहे.
तिला काय दिसतं?
"नारळ," म्हणाला.
कसले?
"सुके." मग थोड्या वेळानं,
"पडायला आलेले."

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी तीनदा खोडलं,
चौथ्यांदा ठेवलं:

'अंगणातली खुर्ची तुम्ही हल्ली कुठं ठेवता?
सावली माडाखाली आहे
आणि खुर्ची भिंतीला लागून उन्हात, असं तर नाही?
मूल तिकडं खेळायला गेलं
की तुम्ही आधी वर पाहता का?
पाडेली मिळत नाही म्हणून दोन पाड चुकले असतील.
कुठल्या दिवशी येऊ, ते तुम्ही सांगा.
चुडतंही काढून बाजूला रचून ठेवीन.'

"आणि यंत्र?" शाणू कळवळला.
"दाखला? चाळीस माड?"
तुझ्या चाळीसांत तिचा एक आहे का, विचारलं.
तिला तो एकच आहे.
नाव आणि फोन नंबर खाली घातला,
शाणूच्या आग्रहानं जरा ठळक.

तीनशेंतून अकरा फोन आले.
एकानं शिव्या घातल्या, त्याच्याकडे माडच नव्हता;
ती चूक माझी, पत्ते मी आठवणीतून दिले होते,
आणि तिथं आता इमारत आहे.

पुढल्या महिन्यात तिवऱ्याला गेलो होतो, सहज.
सत्यवतीबाईंच्या अंगणात खुर्ची माडाखाली,
खुर्चीत बाई, मांडीवर तांदळाचं सूप.
आत कॅलेंडरच्या खिळ्याला आमचं पत्र लटकलेलं.
मी जवळ जाऊन, चष्मा पुसून, उलटून पाहिलं.
पाठीवर तिच्या अक्षरात दुधाचा हिशेब,
एक तारखेपासून,
मधले दोन दिवस फुल्या.

पोस्टमनला कळतं.
याहून मोठी पोच
कुठल्याच पत्राला मिळत नाही.