सतरा नंबर

उट्रेख्टहून आलेला कैरव
पोह्यांवर वाकून आजोबांना म्हणाला,
"वामन, जिरावन दे."

सून ओशाळली. तिकडे म्हणे
मास्तरांनाही नावानंच हाक मारतात.
यांनी हसत वाटी पुढे केली.

मी उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच.

इंदूरला, रामबागेतल्या शाळेत
एकोणतीस वर्षं हजेरी घेतली.
एका साली वर्गात एक वामन होता,
सावळा, डावखुरा.
वर्षभर त्याला "सतरा नंबर" म्हणत राहिले.
पोराला वाटलं असेल, बाई रागावल्यात.

रात्री यांनी कानातलं यंत्र
काढून उशाशी ठेवलं
तेव्हा पाठीकडे बघत
म्हणून पाहिलं एकदा,
तिन्ही अक्षरं.
पंखा फिरत राहिला.

मग खांदा हलवून, मोठ्यानं:
अहो, सरका जरा.