तिसरं प्रूफ

ती आली तेव्हा मी एका दिवाळी अंकाच्या
ऱ्हस्व-दीर्घात बुडालो होतो.
नारायण पेठेतला आमचा तळमजला, कटिंग मशीनची धडधड,
खळीचा वास, आणि दारात चपला काढून उभी
नेइरिम सेर्तो, कोथरूडच्या पार्लरमधून
अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून आलेली.
पावतीवर मी लिहिलं : बालवाचन, भाषा कोंब.
ती म्हणाली, ब नाही काका. टिंब पण नाही.
नुसतं कोम.
एकोणचाळीस वर्षं प्रुफं तपासतोय.

वही दोनशे पानी, शाळकरी, आखीव.
रोमन अक्षरं, निळ्या पेनाची,
मध्ये मध्ये पांढरी शाई फासून, ती वाळायच्या आत
घाईने पुन्हा लिहिलेली.
चित्रं तिचीच : हातमाग, डुक्कर, उतारावरचं घर,
आणि एक अननस.
म्हटलं, आमच्याकडे अ अननसाचा असतो बरं का,
पण मी अननस पहिल्यांदा पाहिला विसाव्या वर्षी,
तोही डब्यातला, चकत्या केलेला.
ती हसली. आमच्या घरामागे पायाला टोचतात, म्हणाली,
पण पुस्तकात यंदा पहिल्यांदा येतोय.

मणिपूरहून इथे आलेली त्यांची थोडी घरं,
खडकीच्या चर्चमागे एक खोली,
दर रविवारी अकरा मुलं.
हिंदी बोलतात फाडफाड, मराठीत भांडतात,
आजीचा फोन आला की
मोबाइल आईच्या हातात देऊन पळतात.

पहिलं प्रूफ मी नेहमीसारखं काढलं,
वहीला अक्षर लावून, अर्थाच्या वाटेला न जाता.
सातव्या पानावर एक शब्द लांब,
तोच एकोणिसाव्यावर एका अक्षराने आखूड.
लाल पेनाने समासात प्रश्नचिन्ह.
दुसऱ्या प्रुफाला तिने पायरीवर बसून मामांना फोन लावला,
स्पीकरवर.
मामा म्हणाले लांब. मागून मामी ओरडल्या, आखूड.
मामी पलीकडच्या गावच्या.
मग शेजारी आले, कोणी पाद्री आले, रेंज गेली.
मला एक शब्द कळत नव्हता
आणि भांडण सगळं कळत होतं.

माझी आई व्हतं म्हणायची.
शाळेत पेठेतली पोरं हसली, त्या संध्याकाळपासून
मी घरात तिचं बोलणं तपासायला लागलो.
व्हतं नाही, होतं. पानी नाही, पाणी.
ती बिचारी गप्प राहून ऐकायची,
पुढे पुढे पाहुण्यांसमोर
नुसतीच गप्प.

तिसऱ्या प्रुफाला मी नेइरिमला विचारलं,
यातलं बरोबर कुठलं ते एकदाच सांग,
मशीनवर चढवायचंय.
तिने दोन्ही पानं समोरासमोर धरली, बराच वेळ.
म्हणाली, तुम्ही जे छापाल ना काका,
तेच पुढे बरोबर होईल.

मी पेनाला टोपण लावलं.
चहा मागवला. तिचा फुटका कप बदलून घेतला.
दिवाळी अंकवाल्यांचा फोन तीनदा वाजून गेला.

खोडलेलं राहू द्यायचं असेल तर
शब्दाखाली टिंबं द्यायची, ही आमच्या धंद्यातली खूण.
दोन्ही पानांवर, दोन्ही शब्दांखाली
मी टिंबं दिली. हात थोडा हलला.
ती म्हणाली, चालेल, मुलांना दोन्ही वाचून दाखवीन,
मामीचं आधी.

दीडशे प्रती. पिनाची शिलाई, पिवळं कव्हर.
कागदाचे पैसे घेतले, तपासणीचे घेतले नाहीत,
कारण तपासलं तरी काय होतं मी.

रविवारी दुपारी फोन आला, अनोळखी नंबर,
एक पोरगा, मागे दहा-अकरा जणांचा कालवा.
तुम्ही पुस्तक छापलं ना? तेवीस नंबरचं पान बघा.
काय झालं रे?
एक अक्षर उलटं पडलंय. आणि डुकराला शेपूट नाही.
मी चष्मा शोधला, पान काढलं.
खरंच, नव्हती.